एक मात्रा कमी

ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहात महिन्यातून एकदा काव्यकट्टा भरतो. मी कविता करत नाही. बँकेत कॅश काउंटरवर आयुष्य गेलेल्या बाईला कवितेतलं काय कळणार, असं माझं माझ्याबद्दलचं मत आहे आणि ते बदलावं असं काही आजवर घडलेलं नाही. पण शेजारच्या वहिनी कविता करतात, त्यांना एकटीला जायचा कंटाळा येतो, म्हणून सोबतीला मी. त्या संध्याकाळी पाऊस लागला होता. खिडक्या बंद, ओल्या छत्र्यांचा आणि बटाटेवड्यांचा वास खोलीत कोंडलेला. पंचाहत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ उठले. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. घड्या घालघालून फाटायला आलेला कागद त्यांनी उलगडला, ‘‘मिसेस गेल्या वर्षी गेल्या’’ एवढीच प्रस्तावना केली आणि वाचायला लागले. कविता साधीच होती. फार चांगली होती असं म्हणणार नाही. पण दोन ओळींपाशी खोलीतली चुळबुळ थांबली:

तू नाही हे ठाउक तरिही
सकाळी दोन कप मांडतो

लोक ‘‘वा, वा’’ म्हणाले. कुणाच्या बायकोच्या जाण्यावर वा वा म्हणताना जीभ अडखळत कशी नाही, हा मला तिथे नेहमी पडणारा प्रश्न. पण दुसरं काय म्हणणार तेही सुचत नाही. पुढे जे झालं ते मात्र मी याआधी पाहिलं नव्हतं. अध्यक्षस्थानी बसलेले सर चष्मा वर करून म्हणाले, ‘‘छान आहे. पहिली ओळ १६ मात्रांची आहे, दुसरीत एक मात्रा कमी पडतेय. ‘दोनच कप’ करा, बसेल.’’ खोलीत सगळे एकदम गप्प. वहिनींनी माझ्या दंडाला चिमटा काढला. ते गृहस्थ मात्र जराही दुखावलेले दिसले नाहीत. त्यांनी खिशातलं पेन काढलं, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत ओठातल्या ओठात ओळ मोजली आणि म्हणाले, ‘‘कमी आहे खरी. पण ‘दोनच’ नको. दोनच म्हटलं की तक्रार केल्यासारखं वाटतं, आणि तसं काही नाही.’’ मग पुन्हा मोजलं. सगळे थांबून राहिलो. ‘‘ ‘सकाळी’ काढतो. ‘उठून दोन कप मी मांडतो.’ आता?’’ सरांनी मोजलं, मान डोलावली. गृहस्थांनी ओळ खोडून वर नवी लिहिली आणि ते हसले. कसनुसं नाही. दिवसाअखेर कॅश पैशापैशाला टॅली झाली की आमच्या काउंटरवर जे हसू उमटायचं, अगदी तसलं.

ते हसू माझ्या डोक्यातून जाईना.

गोखले रोडने परत येताना वहिनी तापल्या होत्या. माणसाची बायको गेली आहे आणि हे मात्रा कसले मोजतात, कुठे काय बोलावं याचं काही भान असतं की नाही. मी हो ला हो केलं. रस्त्यात पाणी साचलेलं, रिक्षावाले मीटरवर यायला तयार नाहीत, आणि माझ्या डोक्यात एकच: त्या दोन-चार मिनिटांत त्या माणसाचं दुःख कुठे गेलं होतं? गेलं होतं की तिथेच होतं, आणि तो त्याचंच काम करत होता? आणि मला त्याचा हेवा का वाटला?

हेव्याचं कारण मला माहीत होतं. त्या वर्षी माघात माझी ताई गेली.

ताई कोपरखैरण्याला राहायची, सिडकोच्या घरात. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून वाशीची गाडी पकडायची, ऐरोली, रबाळे, घणसोली, की आलं कोपरखैरणे. डाव्या हाताला पारसिकचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी कारखान्यांच्या शेडी. तिच्या आजारपणात ही गाडी माझ्या इतकी अंगवळणी पडली की कुठल्या डब्यात चढलं की जिन्यासमोर उतरता येतं हे पायांनाच ठाऊक झालं. ती चित्रकलेची शिक्षिका होती. मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवायची, त्यांच्या वह्यांवर लाल पेनाने ‘रेषा धीट काढ’ असं लिहायची. स्वतः मात्र घरात चित्र काढताना मी तिला कधी पाहिलं नाही. घरात ती फक्त रांगोळी काढायची. तीही ठिपक्यांची. मुक्तहस्त गालिचे तिला पटत नसत. ‘‘त्यात चुकलं तर कळत नाही,’’ म्हणायची. हे तिच्या लेखी वैगुण्य होतं.

ठिपक्यांचं वेड आम्हा दोघींना चरईतल्या चाळीत लागलं. दिवाळीच्या आधी ओटा गेरूने सारवायचा. ओल्या गेरूचा तो वास, आणि तो वाळेपर्यंत पाय लागू नये म्हणून कडेकडेने चालणं. ठिपके सरळ यावेत म्हणून ताई ड्रॉइंग पेपरवर पट्टीने खुणा करून पेटत्या उदबत्तीने एकेक भोक पाडायची. कागद हलू द्यायचा नाही हे माझं काम. भोकाच्या कडा तपकिरी व्हायच्या, धुराने डोळ्यांत पाणी यायचं, आणि एखादं भोक मोठं झालं की ताई माझ्याकडे असं बघायची की जणू कागद मीच जाळला. मग तो कागद ओट्यावर अंथरून वरून रांगोळी भुरभुरायची आणि अलगद उचलायचा. खाली पांढऱ्या ठिपक्यांचं शिस्तीत उभं राहिलेलं सैन्य. सैन्य हा तिचाच शब्द. सगळ्या ओळी तिच्या आलेखवहीत असायच्या: ‘११ ते ११, समोरासमोर’, ‘१५ ते ८, मधले ठिपके’. पंधरा ते आठ म्हणजे मधल्या ओळीत १५, मग वर आणि खाली एकेक कमी करत आठपर्यंत, प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. सगळे मिळून १६९ होतात. हा हिशेब मी शाळेत असताना केला होता आणि तो ताईला सांगितल्यावर ती म्हणाली होती, ‘‘मोजायला कुणी सांगितलं, काढ.’’ पण पुढच्या वेळी वहीत कोपऱ्यात बारीक अक्षरात १६९ लिहिलेलं होतं.

ती गेली त्या रात्री हॉलमध्ये, जिथे तिला ठेवलं होतं तिथे, दिवा लावला. दिव्यापाशी ताटात तांदळाचं पीठ पसरून वर टोपली पालथी घातली. टोपली उचलल्यावर पिठात काय उमटलं ते बघतात, त्यावरून माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणे. भाऊजींचा या गोष्टींवर विश्वास नाही, पण त्यांच्या आत्याचा आहे, आणि अशा वेळी घरात सर्वांत वयस्कर बाईचं चालतं. टोपली उचलली तेव्हा सगळे वाकले. आत्या म्हणाल्या पाखराचा पाय आहे. एक चुलत दीर म्हणाले, वेलबुट्टी. भाची काहीच म्हणाली नाही. मला तर पीठ दिसलं, टोपलीच्या कामट्यांमधून कुठे कुठे खचलेलं. ताईने ते बघून काय म्हटलं असतं ते मात्र ऐकू आलं: रेषा धीट नाही.

मग वर्षभराची बंधनं सुरू झाली. सण नाही, गोडधोड नाही, दारात रांगोळी नाही. पहिला पाडवा आला. गावदेवी मैदानावर दरवर्षी भली थोरली रांगोळी काढतात, ताई आणि मी न चुकता बघायला जायचो. म्हणजे मी बघायला आणि ती नावं ठेवायला. त्या पाडव्याला मी त्या बाजूला फिरकले नाही. तशी मी लग्नानंतर तिच्या घरची कुणी नाही, मला बंधन कसलं? पण सकाळी माझ्या दारात उकिडवी बसले, चिमूट भरली आणि हात पुढे जाईना. चिमूट परत डब्यात टाकली. घरच्यांनी कुणी विचारलंही नाही.

या काळात मला मिळालेला सल्ला एका वाक्यात सांगता येतो: मन मोकळं कर. फोनवर, लग्नात, भाजी घेताना. रडून घे. लिहून काढ. मनात साठवू नकोस. ज्यांना हा सल्ला द्यायचा नव्हता ते ‘काळ हेच औषध’ म्हणाले. मोबाइलवर फुलांच्या चौकटीतल्या चारोळ्या आल्या, त्यात गेलेल्यांचे तारे होतात. भाचीने मात्र कृती केली. ती ऐरोलीच्या आयटी पार्कात काम करते, प्रत्येक प्रश्नाला कार्यशाळा असते असं तिचं ठाम मत आहे. घोडबंदर रोडवरच्या एका उंच इमारतीच्या क्लबहाउसमध्ये दुःखातून सावरणाऱ्यांसाठी चित्रांची कार्यशाळा होती, तिथे ती मला घेऊन गेली. एसी इतका गार की मी पदर घट्ट लपेटून बसले. प्रत्येकाला कॅनव्हास, रंगाच्या ट्यूबा. शिकवणारी मुलगी गोड होती, अगदी मनापासून बोलत होती. म्हणाली, विचार करू नका, तुमच्या भावना रंगांत ओता. माझ्या शेजारच्या बाईंनी ओतल्या. काळा, मग लाल, मग हातानेच सगळं फिरवलं, रडल्या, आणि नंतर त्यांचा चेहरा खरंच हलका झाला होता. त्याची टिंगल करायचा मला हक्क नाही. माझ्या कॅनव्हासवर मी निळा रंग पसरवला आणि थांबले. ओतायचं म्हणजे भांडं तरी कुठे आहे ते कळायला हवं. शेवटी ब्रशच्या मागच्या टोकाने मी निळ्यावर पांढरे ठिपके द्यायला लागले. ती मुलगी मागे येऊन म्हणाली, ‘‘मावशी, इतकं कंट्रोल नका करू.’’ भाची बाजूला खुदकन हसली. ताई गेल्यानंतर तिला हसताना मी प्रथमच पाहिलं, तेव्हा कार्यशाळेचे पैसे तिथेच वसूल झाले.

परतीच्या वाटेवर भाचीने मला पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग सांगितला. १९८६ साली त्याने कॉलेजच्या मुलांना लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक गोष्टीबद्दल लिहायला लावलं. दुसऱ्या गटाला किरकोळ विषयांवर. दुःखाबद्दल लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या झाल्या आणखी वाईट वाटत होतं. पण पुढच्या काही महिन्यांत ती मुलं दवाखान्यात कमी वेळा गेली. मी म्हटलं, म्हणजे मोकळं केल्याने बरं वाटतं हेच ना शेवटी. ती म्हणाली, तसं नाही, नंतर त्या लोकांनी असली लिखाणं शब्दन् शब्द तपासली. ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक ‘कारण’, ‘लक्षात आलं’ अशा जोडणाऱ्या शब्दांची संख्या वाढत गेली, त्यांना जास्त फायदा झाला होता. नुसतं भळाभळा ओतणाऱ्यांना तितका नाही. रिक्षा माजिवड्याच्या सिग्नलला अडकली होती. मला काव्यकट्ट्यावरचे ते गृहस्थ आठवले, ‘दोनच नको’ म्हणणारे. त्या एका कमी पडलेल्या मात्रेने त्यांना विचारलं होतं, तक्रार आहे का तुझी? आणि त्यांनी शोधून उत्तर दिलं होतं, नाही.

आमच्या आजीला कुणी मन मोकळं कर म्हटलं असतं तर तिला कळलं नसतं. मुरबाडकडची बाई. तिचा एक मुलगा चार वर्षांचा होऊन गेला, माझ्या आईच्या पाठचा. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे, त्याचा फोटो नव्हता, नवस-सायास, श्राद्ध यांतही तो कुठे नव्हता. तो होता फक्त जात्यावर. आजी पहाटे दळायला बसायची आणि ओव्या म्हणायची: माहेरच्या, भावाच्या, विठ्ठलाच्या, आणि दळण संपत आलं की नेहमी ही:

सरलं दळण, सुपात पाच दाणे
बाळाच्या नावाने पाखरांना

दळण अगदी शेवटच्या दाण्यापर्यंत संपवायचं नाही, थोडं सुपात राखायचं, ही जुनी रीत. त्या रीतीत तिने आपलं मूल बसवलं होतं. हे मला मोठेपणी कळलं. लहानपणी मला फक्त जात्याची घरघर, खुंट्यावरचा तिचा आवळलेला हात आणि ओवीचा ठेका आठवतो. ठेका ती ठरवत नव्हती, जातं ठरवत होतं. फेरा पुरा झाला की ओळ पुरी व्हायला हवी. गळा दाटून आला म्हणून थांबलं तर पीठ जाड पडतं. तिला रडू येत असेल तर तेही त्या फेऱ्यातच येत असणार. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत फिरून बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या काही मी मोबाइलवर ऐकल्या. म्हाताऱ्या बाया मेलेल्या आईबद्दल गातात आणि आवाज किंचितही कापत नाही. आधी मला तो कोरडेपणा वाटला. मग लक्षात आलं, हात दळणातच आहेत त्यांचे, जातं समोर नसलं तरी.

तेराव्याला भाऊजींच्या ओळखीचे एक वारकरी आले होते, त्यांनी नामदेवांचे समाधीचे अभंग म्हटले. १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली त्या प्रसंगाचे. निवृत्तीनाथांचा आकांत सगळ्यांना ठाऊक असतो. मला त्या दिवशी ऐकू आली ती झाडलोट. समाधीची जागा झाडायला नामदेवांनी आपली मुलं पाठवली. तुळस, बेल, दर्भ आणला. एवढा जिवलग जात असताना जागा कुणी झाडली हे नोंदवून ठेवणारा माणूस मला फार जवळचा वाटला. ताईच्या घरी मी दिवसभर तेच करत होते, चहाचे कप विसळणं आणि चपला सरळ लावणं.

ताईच्या कपाटात वर्गासाठी काढून ठेवलेल्या टिपणांची फाइल सापडली. त्यात वारलीवर बरंच काही होतं. वारलीच्या कीचेन आणि कॉफीचे मग बघितले की तिचं डोकं फिरायचं. ‘‘लग्नाचा चौक आहे तो, आत पालघट देवी बसलेली असते. आणि यांनी तिच्यात कॉफी ओतली,’’ म्हणायची. हा चौक परंपरेने सवाशिणी काढत आल्या. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी चावून तिचा कुंचला करायचा, गेरूच्या भिंतीवर काढायचं. पुरुषांचं ते काम नव्हे. टिपणांत जिव्या सोमा मशे यांच्याबद्दल एक पान होतं. जन्म १९३४, तलासरीकडचे, म्हणजे तेव्हाचा आपला ठाणे जिल्हा. लहानपणी आई गेली आणि मुलाचं बोलणंच थांबलं. कित्येक वर्षं तो मातीत बोटाने चित्रं काढून काय ते सांगायचा. १९७० च्या दशकात हाच माणूस लग्न नाही, सण नाही, असाच रोज चित्रं काढायला लागला, आणि पुढे जगभर गेला. २०११ साली पद्मश्री, २०१८ मध्ये निधन. ताईने खाली लिहिलं होतं: ‘मुलांना जाळ्याचं चित्र दाखवणे.’ मशे यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र मी भाचीच्या लॅपटॉपवर मोठं करून पाहिलं. सबंध चित्रभर जाळं, आणि त्याचा एकेक धागा काढलेला. मला तिथे आईविना मूल कुठेच दिसलं नाही. इतक्या बारीक रेषा ओढताना माणसाला श्वाससुद्धा बेताने घ्यावा लागत असेल, एवढंच सारखं वाटत राहिलं.

वहिनींनी या सगळ्यात त्यांचा उपाय केलाच. मराठी ग्रंथसंग्रहालयातून इंदिरा संतांचे संग्रह आणून माझ्यापुढे ठेवले. ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. तिथल्या जुन्या पुस्तकांना एक कुबट, गोडसर वास असतो, तो मला आवडतो, म्हणून तरी मी ती उघडली. इंदिराबाई आणि त्यांचे पती ना. मा. संत या दोघांचा मिळून ‘सहवास’ हा संग्रह १९४० मध्ये निघाला होता. १९४६ साली ते गेले. ‘शेला’ आला १९५१ मध्ये. मग ‘मेंदी’, ‘मृगजळ’, १९६४ चा ‘रंगबावरी’. मी कॅशियरच्या सवयीने वर्षं ओळीने मांडली आणि बघत बसले. लहान मुलं, बेळगावातली नोकरी, आणि मोजक्या ओळींच्या त्या कविता, एकामागून एक, जाणाऱ्या माणसाला जाऊन दशकं लोटली तरी. बरं होण्याची वाट बघणारी बाई अशी लिहीत नाही. बरं वाटणं तिच्या यादीतच नसावं. वहिनींना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘अगं, पण किती सोसलं असेल!’’ सोसलं असेलच. पण कुठला शब्द ठेवायचा आणि कुठला काढायचा यावर त्या किती रात्री बसल्या असतील, तेही मला आता दिसत होतं. आणि हवा तो शब्द सापडल्यावर त्यांना आनंद झाला असेल का? झालाच असणार. ज्याच्या नसण्यावर ओळ लिहिली त्याच्याच ओळीचा आनंद. हे जरा भयंकर आहे, असं मला अजूनही वाटतं.

श्रावणात ते गृहस्थ मला मासुंद्याच्या तलावपाळीला भेटले. कोपिनेश्वराला सोमवारची गर्दी होती, मी दर्शनाची रांग सोडून बाहेर कठड्याशी उभी होते. त्यांनीच ओळख दिली. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये सगळी नोकरी झाली, मिसेस गेल्यावर लिहायला लागलो, म्हणाले. मला राहवलं नाही. विचारलं, त्या दिवशी सर बोलले त्याचं वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, ‘‘वाईट कशाला? लोक नुसतं वा वा म्हणतात, नाहीतर खांद्यावर हात ठेवतात. सरांनी ओळ मोजली. म्हणजे नीट ऐकली की.’’ मग जरा थांबून: ‘‘संध्याकाळी सातनंतर घर खायला उठतं. सात ते नऊ मी मात्रा मोजतो. तेव्हा ती आसपास असते, पण छातीवर बसत नाही.’’ नऊनंतर काय, असं मी विचारलं. ‘‘नऊनंतर बसते,’’ ते म्हणाले आणि कणसाच्या गाडीकडे वळले.

दिवाळीच्या आधी भाचीने विषय काढला. वर्ष पुरं झालेलं नव्हतं. तिला आईच्या वहीतली रांगोळी काढायची होती. आत्यांनी फोनवर नकार दिला, मी दोन्ही बाजूंनी बोलले, आणि शेवटी भाऊजींनी पेपरातून मान वर न करता निकाल दिला: दारात नको, हॉलमध्ये काढा. जांभळी नाक्यावरून आम्ही दोघींनी रांगोळी आणली. तिथे त्या दिवसांत रंगांच्या ढिगांतून वाट काढावी लागते, संध्याकाळी घरी आल्यावर नाक शिंकरलं तर गुलाबी येतं. भाची स्टेन्सिल घेऊ म्हणत होती. मी वहीकडे बोट दाखवलं. पंधरा ते आठ. तिला वाटलं तासाभराचं काम आहे. सिडकोच्या त्या घरातल्या फरशा गुळगुळीत, ठिपका पडल्या जागी राहत नाही, फुटतो. ओळ चार-पाच ठिपक्यांनंतर हळूच तिरकी व्हायला लागते आणि कडेला पोचेपर्यंत सगळा हिशेब बिघडतो. आम्ही पुसलं, परत काढलं. तिने मोबाइलमध्ये कोन मोजायचं काहीतरी उघडलं. मी उदबत्तीचा कागद करू म्हटलं, तर घरात धूर चालेल का हे विचारायला ती बापाकडे गेली, आणि भाऊजी चक्क उठून कागद धरायला आले. माझं काम त्यांनी घेतलं. भोक मोठं पडलं की भाची त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर मी ओळखून होते.

रंग भरायची वेळ आली तेव्हा भाचीने पिशवीतून पोपटी काढला. ताईच्या वहीत निदान चार पानांवर लाल पेनाने ‘पोपटी नको’ लिहिलेलं आहे. मी पान उघडून दाखवलं. ‘‘आईला नाही आवडायचा,’’ ती म्हणाली, ‘‘मला आवडतो.’’ आणि सगळ्या बाहेरच्या पाकळ्या तिने पोपटी भरल्या. मी स्पष्टच सांगते, चांगला दिसत नव्हता. ताईचं बरोबर होतं, पोपटी बाकीच्या रंगांना गिळतो. भाऊजी म्हणाले, बरा आहे की. त्यांना रंगातलं काही कळत नाही. भाचीचं म्हणणं, कडेने जांभळा घेतला की तो उठेल, पाडव्याला करून बघू. मी म्हटलं जांभळ्याने आणखी बिघडेल, केशरी घे. यावर आमचं फोनवर अजून चालू आहे, आणि ती ऐकेल असं वाटत नाही. जांभळी नाक्यावरून किलोभर जांभळा तिने आधीच आणून ठेवलाय.